मत कुणालाही द्या, पण दवाखान्याचं विचारून द्या

निवडणूक आली की आपल्या गावच्या पारावर काय काय निघतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उमेदवार कुठल्या जातीचा, कुणाचा पाहुणा, मागच्या वेळी कुणी कुणाला फसवलं, रस्ता झाला की नाही, आणि आपण मराठी माणसं म्हणून शेवटी सीमाप्रश्न. दवाखान्याचं कुणी काढत नाही. मतदान होऊन चार दिवस होत नाहीत तोच कुणाच्या तरी वडिलांना लकवा मारतो, आणि रात्री दोन वाजता घरातली पोरं फोन करत सुटतात. सोलापूरला न्यायचं की हैदराबादला? कार्ड चालेल का? किती पैसे भरायला सांगतील? त्या रात्री या प्रश्नांची उत्तरं शोधून काही उपयोग नसतो. ती दिल्लीत आणि बंगळुरूत कधीच ठरलेली असतात, आणि ठरवणारी माणसं आपणच निवडून दिलेली असतात.

म्हणून भालकी, बसवकल्याण, औराद, कमलनगर, हुमनाबाद, आळंद इकडच्या माझ्या भावाबहिणींशी आज मला एवढ्याच विषयावर बोलायचं आहे. कुणाला मत द्या हे सांगायला मी बसलेलो नाही. मताच्या आधी काय विचारायचं आणि मताच्या नंतर काय सांभाळायचं, हे सांगायचं आहे.

कलबुर्गीचं नाव सगळ्या देशाने एकदम ऐकलं ते मार्च २०२० मध्ये. कोरोनाने देशातला पहिला बळी घेतला तो कलबुर्गीच्या ७६ वर्षांच्या एका वृद्ध गृहस्थांचा. घरच्यांनी त्यांना आधी कलबुर्गीत दाखवलं, मग हैदराबादला नेलं, तिथल्या खासगी दवाखान्यांत फिरवलं, आणि परत आणताना १० मार्चला वाटेतच ते गेले. त्यांना कोरोना होता हे १२ तारखेला, म्हणजे मृत्यूनंतर दोन दिवसांनी कळलं. त्या वेळी कलबुर्गी शहरात एक नाही, दोन नाही, चार मेडिकल कॉलेजं होती. दोन सरकारी पैशातली, दोन खासगी संस्थांची. तरीही घरच्यांचे पाय हैदराबादकडेच वळले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. इमारती पुष्कळ उभ्या राहिल्या आणि विश्वास उभा राहिला नाही, हे आपल्या भागाचं खरं दुखणं आहे.

त्या चारांतल्या एका कॉलेजची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण निवडणूक आणि दवाखाना यांचं नातं तिच्यात उघडं दिसतं. सेडम रस्त्यावरचं ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या विमा महामंडळाचं, भलंमोठं संकुल तुम्ही पाहिलं असेल. मल्लिकार्जुन खर्गे २००९ मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि केंद्रात कामगार मंत्री झाले. ईएसआय महामंडळ त्याच खात्याखाली येतं. त्यातून कलबुर्गीला एवढं मोठं संकुल मिळालं आणि २०१३ मध्ये मेडिकल कॉलेज सुरू झालं. आपला माणूस मंत्री झाला म्हणून आपल्याकडे कॉलेज आलं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण २०१४ मध्ये केंद्रातलं सरकार बदललं, आणि २०१५ च्या सुरुवातीला ईएसआयने ठरवलं की वैद्यकीय शिक्षणातून आपण अंग काढून घ्यायचं. ज्या मुलांनी नुकता प्रवेश घेतला होता ती रस्त्यावर आली. आईबापांची झोप उडाली. पुढे तो निर्णय मागे पडला, कॉलेज चालू राहिलं, आज तिथून डॉक्टर बाहेर पडतात. मधल्या काळात मात्र शेकडो मुलांचं भवितव्य एका सरकारी कागदावर टांगलेलं होतं.

मंत्र्याच्या वजनाने आलेली गोष्ट मंत्र्याबरोबर डळमळू शकते, ते हे असं. आता याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. संसदेने २०१२ च्या डिसेंबरात घटनादुरुस्ती करून हैदराबाद कर्नाटकासाठी ३७१-जे हे कलम आणलं. तेव्हा आपला भाग हैदराबाद कर्नाटक होता, २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात. या कलमाखाली आपल्या भागातल्या व्यावसायिक कॉलेजांतल्या ७० टक्के जागा इथल्या मुलांना, आणि राज्यपातळीवरच्या संस्थांत ८ टक्के. बीदरचं सरकारी मेडिकल कॉलेज २००७ चं, कलबुर्गीचं सरकारी कॉलेज २०१३ चं; दोन्हीकडे हे कलम लागू आहे. कलम आल्यानंतर बंगळुरूत सरकारं आली, गेली, पक्ष बदलले, कलम जागेवर आहे. कायद्यात बसवलेली गोष्ट टिकते. म्हणून पुढचा उमेदवार दारात येऊन ‘मी तुम्हाला दवाखाना आणून देतो’ म्हणाला, की त्याला विचारा: आणणार कसा? कायद्याने, अर्थसंकल्पातल्या तरतुदीने, की ओळखीने?

एक गोष्ट मला मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण आपल्या घरांत याबद्दल मोठा गैरसमज आहे. ३७१-जे ला भाषेची अट नाही. इथे जन्म किंवा ठरलेली वर्षं वास्तव्य, एवढंच लागतं. घरात मराठी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली मुलगीही त्या ७० टक्क्यांत बसते. तिचं ३७१-जे चं प्रमाणपत्र दहावीलाच काढून ठेवा. नीटचा निकाल लागल्यावर तहसीलला धावू नका.

आता कार्डाकडे येतो. रात्री दोनच्या फोनात सगळ्यांत आधी कार्डाचाच प्रश्न येतो.

आपल्या भागाला सरकारी आरोग्य विम्याचा अनुभव पुष्कळ जुना आहे. २०१० मध्ये राज्य सरकारने वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली, ती आधी गुलबर्गा विभागात. हृदय, कॅन्सर, किडनी अशा मोठ्या आजारांवर बीपीएल कुटुंबांना फुकट उपचार. योजना लागू झालेली गावं आणि शेजारची अजून न झालेली गावं यांची तुलना पुढे संशोधकांनी केली, आणि २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती छापून आली. योजनेत येणाऱ्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू लागू झालेल्या गावांत सुमारे ६४ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा मी कितीदा तरी वाचला आणि दर वेळी थांबलो. कुणाच्या तरी सहीने एका गावची माणसं वाचली, आणि सही उशिरा झाली म्हणून पलीकडच्या गावची वाचली नाहीत. धोरण म्हणजे काय, हे समजायला याहून जास्त काही लागत नाही.

त्यानंतर २०१८ साली दोन गोष्टी झाल्या. मार्चमध्ये राज्याने आरोग्य कर्नाटक आणलं, सप्टेंबरमध्ये केंद्राने आयुष्मान भारत आणलं, आणि दोन्ही जोडून आपल्या हातात आजचं कार्ड आलं. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या आत. या जोडणीत एक खाच आहे, आणि सीमेवरच्या माणसाचा पाय नेमका तिच्यात अडकतो. केंद्र आपला वाटा देतं ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतल्या यादीवर, आणि कर्नाटकात ती यादी सुमारे ६२ लाख कुटुंबांची आहे. राज्यात बीपीएल कार्डवाली कुटुंबं मात्र एक कोटीच्या वर आहेत. उरलेल्यांचा खर्च राज्य करतं. केंद्राच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाचं कार्ड देशात कुठल्याही नोंदणी असलेल्या दवाखान्यात चालवायची सोय आहे. नाव फक्त राज्याच्या यादीत असेल तर सीमा ओलांडल्यावर अडचण होते. कार्डावरचे रंग, चिन्हं, फोटो पाहून हे कळत नाही. आणि ती यादी २०११ ची. तेव्हा लहान असलेली पोरं आज बायकोमुलांसह वेगळी राहतात.

माझ्या चुलत भावाचं असंच झालं. आळंद तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. छातीत दुखायला लागलं तशी पोरांनी गाडी केली आणि सीमेपलीकडच्या शहरात, एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. कार्ड खिशात होतं. काउंटरवरच्या माणसाने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, चालत नाही, पैसे भरा. ॲन्जिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. दोन म्हशी गेल्या आणि शेताचा एक तुकडा गहाण पडला, तो अजून सुटलेला नाही. नंतर मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण आळंदपासून चाळीसेक किलोमीटरवर, कलबुर्गीत, जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा २०१६ पासून चालू होती. तिथे त्याचं कार्ड चाललं असतं. घरात कुणाला माहीतच नव्हतं. आता तर त्या संस्थेची ३७१ खाटांची नवी इमारत झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं, आणि खाटांचा आकडा ३७१ ठेवला तो त्या कलमाची आठवण म्हणून. कॅन्सरसाठी किदवई संस्थेचं केंद्रही कलबुर्गीतच आहे. ही दोन नावं घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता महाराष्ट्राच्या योजनेबद्दल, कारण तुमच्यातले कितीतरी जण मला हेच विचारतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय काढला. त्यात बेळगाव, कारवारबरोबर बीदर आणि कलबुर्गीची गावंही येतात. आपली आठवण कुणीतरी ठेवली याचा आनंद झाला, मलाही झाला. पण तारीख पाहा. कर्नाटकात विधानसभेचं मतदान १० मे २०२३ ला होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी कडाडून विरोध केला. सरकार बदललं, सिद्धरामय्या आले, आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्राने पुन्हा हालचाल केली तेव्हा काँग्रेसच्या सरकारनेही विरोधच केला. म्हणजे कर्नाटकातल्या दोन्ही मोठ्या पक्षांचं या बाबतीत एकमत आहे.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तो ज्याचा त्याने लढावा, न्यायालय काय ते ठरवील. पण तोवर डायलिसिसवरच्या बाईला त्या दाव्यात साक्षीदार करू नका. आजारी माणसाला कुठल्या राज्याने वाचवलं याने त्या राज्याची हद्द एक इंचही हलत नाही. आणि आपणही एक चूक करू नये: एका योजनेच्या भरवशावर दुसरं कार्ड सोडू नये. महाराष्ट्राच्या योजनेतून उपचार मिळत असतील तर जरूर घ्या, तो काही गुन्हा नाही. मात्र कुठला दवाखाना, कुठला दाखला, कुठलं स्वयंघोषणापत्र, हे घरी सगळे धडधाकट असताना विचारून ठेवा. आणि कर्नाटकाचं कार्ड कायम चालू ठेवा.

चालू ठेवण्यासाठी काय करायचं तेही सांगतो. या कार्डाचं मूळ रेशन कार्डात आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्यात बीपीएल कार्डं रद्द करण्यावरून केवढा गोंधळ झाला, तो आठवा. लोकांना वाटलं तांदूळ बंद होईल. तांदळापेक्षा मोठी गोष्ट त्या कार्डाला बांधलेली आहे, हे थोड्यांच्याच लक्षात आलं. सुनेचं नाव चढलं का, मुलाचं आधार जोडलं का, मेलेल्या माणसाचं नाव कमी केलं का, हे वर्षातून एकदा पाहा. तालुका दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. आमचं नाव केंद्राच्या यादीत आहे की राज्याच्या, हे त्याला विचारा. उत्तर कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा. नेहमीच्या, ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथली चिठ्ठी घ्यावी लागते. चिठ्ठी न घेता खासगीत गेलात तर कार्ड असून उपयोग नाही. हार्ट अटॅक, अपघात अशा तातडीच्या वेळी चिठ्ठीशिवाय थेट नोंदणीकृत दवाखान्यात नेता येतं. १०८ ची गाडी, १०४ ची आरोग्य सहायवाणी आणि आयुष्मानची १४५५५ ही चौकशीची लाइन, हे तीन आकडे शाळेत जाणाऱ्या पोराला पाठ करायला लावा. घरात शुद्धीवर तोच असतो.

यशस्विनीचंही विसरू नका. सहकारी सोसायटीच्या सभासदांसाठीची ही योजना २००३ पासून चालली, तेव्हा वर्गणी वर्षाला साठ रुपये होती. २०१८ मध्ये ती गुंडाळून आरोग्य कर्नाटकात घातली. शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि २०२३ च्या जानेवारीत, विधानसभेच्या चार महिने आधी, ती परत आली. खेड्यातल्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये अशी वर्गणी ठरली. ज्यांना बीपीएल कार्ड नाही, पण सोसायटीत शेअर आहे, अशा आपल्या कितीतरी शेतकऱ्यांना ती कामाची आहे. नोंदणीची मुदत असते. सोसायटीच्या सेक्रेटरीला आठवण तुम्हीच करा. ही योजना परत आली ती लोक बोलले म्हणून, हे मात्र ध्यानात ठेवा.

औषधांच्या किमती कोण ठरवतं, हे आपल्या बीदरकरांना तरी माहीत असायला हवं होतं. आवश्यक औषधांच्या किमतीवर ताबा ठेवणारी संस्था आणि जन औषधी केंद्रांची योजना, दोन्ही केंद्राच्या रसायने व खते मंत्रालयाखाली येतात. त्या मंत्रालयात जुलै २०२१ ते जून २०२४ राज्यमंत्री कोण होते? बीदरचे तेव्हाचे खासदार भगवंत खुबा. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि शिवाय कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद, चिंचोळी हे सगळे एकाच लोकसभा मतदारसंघात येतात. म्हणजे आपल्या मराठी गावांपैकी जवळपास सगळ्यांचे खासदार तेच. आवश्यक औषधांच्या किमती घाऊक महागाईच्या दराशी बांधलेल्या आहेत. त्या नियमाने एप्रिल २०२२ मध्ये १०.७६ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीला मुभा मिळाली. बीपीची, साखरेची गोळी महिनोन्महिने घेणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरात ते जाणवलं असणार. २०२४ मध्ये आपण खासदार बदलला, सागर खंड्रे निवडून आले. त्या निवडणुकीत एका तरी सभेत कुणी उठून गोळ्यांच्या किमतीचं विचारलं का? मी हे कुणा एका नेत्याविरुद्ध म्हणत नाही. विचारायचं काम आपलं होतं.

याच सरकारी ताकदीने भलंही होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट लाखाच्या वर विकला जायचा, तो एका आदेशाने २९,६०० वर आला. माझ्या भावाच्या बिलातली हीच एक ओळ हलकी होती. खासगी आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागायचा, तो वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, आणि बहुतेक औषधांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदार आणि एजंट जुन्याच हिशेबाने पैसे मागत असतील तर पावती दाखवा म्हणा.

जन औषधी केंद्रांचं मात्र केंद्र आणि राज्य यांच्या ओढाताणीत भरीत झालं. सरकारी दवाखान्याच्या आवारातली ही केंद्रं बंद करावीत असा आदेश राज्याने मे २०२५ मध्ये काढला. राज्याचं म्हणणं, सरकारी दवाखान्यात औषध फुकटच मिळालं पाहिजे, विकत कशाला? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तत्त्व म्हणून राज्याचं म्हणणं मला पटतं. पण दवाखान्याच्या खिडकीवर औषध नसलं आणि स्वस्त दुकानही उठलं, तर म्हातारीने जायचं कुठे? फुकट देणार असाल तर आधी कपाट भरा, मग दुकान हलवा. त्यात औषध नुसतं असून भागत नाही, ते चांगलंही असावं लागतं. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याच कल्याण कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या, आणि संशय सलाइनच्या दर्जावर गेला. सरकारी खरेदी कशी होते, तपासणी कोण करतं, हे प्रश्न आमदाराच्या तोंडावर विचारायचे आहेत.

पैसा येतो कुठून, तेही पाहू. २००४ च्या निवडणुकीनंतर आलेल्या केंद्र सरकारने आपल्या किमान कार्यक्रमात कबूल केलं होतं की आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २ ते ३ टक्क्यांवर नेऊ. त्यातून एप्रिल २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान निघालं आणि आपल्या गल्लीत आशाताई आली. बाळंतपणं घरून दवाखान्यात नेण्यात तिचा वाटा केवढा, ते गावातल्या बायकांना विचारा. टक्क्यांचं वचन मात्र राहिलं. २०१७ च्या आरोग्य धोरणात पुन्हा लिहिलं, २०२५ पर्यंत अडीच टक्के. सरकारी हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये, तेही कोरोनाच्या खर्चासकट, आकडा १.८४ होता. २०२५ संपूनही गेलं. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे एक लाख कोटी ठेवले. ऐकायला प्रचंड वाटतं, पण एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर आहे. शंभर रुपयांतले दोन. २०२१-२२ च्या त्याच हिशेबाप्रमाणे उपचारावरच्या एकूण खर्चातले ३९ रुपये शेकडा लोकांच्याच खिशातून गेले. अभियानाच्या पैशात पूर्वी केंद्राचा वाटा ७५ टक्के असायचा, २०१५ नंतर तो ६० झाला. त्यामुळे दवाखान्यात नर्स नाही म्हटलं की केंद्र राज्याकडे बोट दाखवतं आणि राज्य केंद्राकडे. तुम्ही दोघांनाही विचारा.

कल्याण कर्नाटकाच्या विकास मंडळाला वर्षाला ५,००० कोटींची तरतूद जाहीर होते. आपल्या तालुक्यात त्यातले किती दवाखान्यावर लागले, हा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. मागणाऱ्याचं नाव इतिवृत्तात येतं, याला भिऊ नका.

बसवकल्याणची पोटनिवडणूक मला विसरता येत नाही. तिथले आमदार बी. नारायण राव सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेले. म्हणून निवडणूक लागली. नोव्हेंबरात मराठा समाजासाठी ५० कोटींच्या महामंडळाची घोषणा झाली, आमच्या माणसांनी फटाके वाजवले. मतदान १७ एप्रिल २०२१ ला झालं, दुसऱ्या लाटेच्या ऐन तोंडावर, आणि दहा दिवसांत राज्य बंद करावं लागलं. ज्या रोगाने आमदार नेला त्या रोगासाठी तालुक्यात ऑक्सिजनच्या खाटा किती, हे त्या प्रचारात आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? मीही विचारलं नाही. ती खंत घेऊनच मी हे लिहितो आहे.

खासगी दवाखान्यातही तुमचे हक्क आहेत. राज्याच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ ची निवडणूकपूर्व दुरुस्ती होताना डॉक्टरांनी संप केला होता, तो तुम्हाला आठवत असेल. कायदा सांगतो की तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैशासाठी अडवता येत नाही, दरपत्रक लावलं पाहिजे, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडकवता येत नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. कन्नडमध्ये अर्ज लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्या, आपली पोरं आता उत्तम कन्नड लिहितात.

शेवटी आपल्या सगळ्यांत जवळची निवडणूक. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुका दवाखाना यांचा कारभार जिल्हा पंचायतीच्या अखत्यारीत येतो. कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली, निवडणूक झाली नाही. अधिकारी कारभार हाकतात. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवसच येतो हे सांगायला गावाला सदस्यच उरला नाही. ही निवडणूक लवकर घ्या, अशी मागणी प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करून केली पाहिजे.

आणि ती लागेल तेव्हा, तिच्यानंतर विधानसभा, मग लोकसभा लागेल तेव्हा, दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या माणसाला चहा द्या आणि एकच मागणी लेखी मागा. आमच्या घरातलं प्रत्येक कार्ड, यादी केंद्राची असो की राज्याची, सोलापूर, लातूर, उदगीर, उमरगा आणि हैदराबाद इथल्या दवाखान्यात चाललं पाहिजे. आणि तिकडून इकडे येणाऱ्याचं कलबुर्गीत, बीदरमध्ये चाललं पाहिजे. दोन राज्यांनी बसून करार केला की हे होण्यासारखं आहे. पाण्याचे करार होतात, एसटीच्या फेऱ्यांचे होतात, मग कार्डाचा का होऊ नये?

तोवर या सोमवारी रेशन कार्ड आणि आधार पिशवीत घालून तालुका दवाखान्यात जा. आरोग्यमित्राला भेटा, यादी विचारा. शेजारच्या विधवा बाईचं कार्डही बरोबर घेऊन जा, तिला नेणारं कुणी नाही.